ठाणे-नवी मुंबईत ट्रकवर लागताय? पगार, खुराकी, हिशोब आणि रोजचं काम, सगळं क्रमाने

गावाकडून ड्रायव्हरकीसाठी इकडे यायचं ठरवलेली पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पगार किती मिळेल?" प्रश्न चुकीचा नाही, घर त्यावरच चालतं, पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. पंचवीस हजार बोललेल्या गाडीवर महिन्याअखेर सतरा हातात येतात आणि अठरा बोललेल्या गाडीवर वीस-बावीस सुटतात, असं कळंबोलीत आणि भिवंडीत सर्रास बघायला मिळतं. जेवण कोणाच्या खिशातून, गाडी उभी राहिली तर तो दिवस कोणाचा, डिझेल कमी पडलं तर कोण भरणार आणि हिशोब कोणत्या तारखेला, ह्या चार गोष्टींवर सगळं ठरतं आणि ह्या गोष्टी मालक स्वतःहून सांगत नाही, तुम्हालाच विचाराव्या लागतात, तेही चावी हातात घ्यायच्या आधी.

मी पिकअपवर सुरुवात केली, मग चौदा फुटी, मग दहा चाकी, आता न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरवर ट्रेलर चालवतो. ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या त्या इथे लिहितोय.

१. आधी लायसन्स सरळ करा

कारचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर निघतं. जड ट्रकसाठी ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं, त्याला वय २० पूर्ण पाहिजे आणि एलएमव्ही काढून किमान एक वर्ष झालेलं पाहिजे. अर्ज सारथी पोर्टलवर (सरकारची लायसन्सची वेबसाइट) करायचा, आधी लर्निंग (ते सहा महिने चालतं), मग ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरकडून फॉर्म १-ए (तब्येतीचा दाखला) आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडून फॉर्म ५ (गाडी शिकल्याचा दाखला) लागतोच. स्कूल निवडताना एक बघा, जड गाडीवर खरंच किती वेळ हात मारू देतात, कारण काही ठिकाणी मैदानात दोन चकरा मारून फॉर्म हातात देतात आणि मग तुम्ही शिळफाट्याच्या चढावर भरलेली गाडी घेऊन घामाघूम होता.

आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली आहे. शाळेचा दाखला नाही म्हणून कोणी एजंट वरून पैसे मागत असेल तर देऊ नका.

छोटा हत्ती, पिकअप असल्या गाड्यांवर सुरुवात करणार असाल तर वेगळ्या ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी थांबायची गरज नाही. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने पक्कं केलंय. फक्त गाडीच्या आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) जीव्हीडब्ल्यू, म्हणजे मालासकट एकूण वजन, किती लिहिलंय ते स्वतः वाचा, मालक "छोटीच आहे" म्हणाला म्हणून बसू नका.

ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, केमिकल किंवा गॅसच्या टँकरसाठी असेल तर तीन वर्षं. बीड, लातूर, सांगली, कुठलंही लायसन्स इथे चालतं, पत्ता बदलायच्या आधी कामाला लागता येतं. नंतर पत्ता इकडचा करायचा असेल तर ठाणे (एमएच ०४), कल्याण (०५), वाशी (४३), पनवेल (४६), तुमच्या राहत्या जागेप्रमाणे.

२. कामाला जाताना सोबत काय काय न्यायचं

- लायसन्स, आणि मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर त्याची कॉपी (तपासणीत ती कायद्याने चालते)
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक, चार-पाच फोटो
- पोलीस व्हेरिफिकेशन. कंपनीच्या आणि गोडाऊनच्या गाड्यांना लागतं, ऑनलाइन अर्ज होतो. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, भाड्याची खोली कुठे आहे त्यावर ठरतं
- आधीचा पीएफ असेल तर यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर)
- डोळ्यांचा चष्मा असेल तर दोन जोड्या, एक गाडीतच ठेवायची

आणि एक पक्कं लक्षात ठेवा, ओरिजिनल लायसन्स किंवा आधार मालकाकडे ठेवायला द्यायचं नाही. "सगळ्यांचेच ठेवतो" असं सांगतील. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत खिशात. ओरिजिनल अडकलं की भांडण झाल्यावर तुम्ही तिथून हलू शकत नाही, दुसरीकडे लागूही शकत नाही. कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक, हे तर अजिबातच नाही.

३. ह्या पट्ट्यात कुठली कामं आहेत आणि नवीन माणसाने कुठून सुरू करावं

छोटी गाडी, म्हणजे ठाणे, वाशी, भिवंडी, टीटीसी एमआयडीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने) लोकल माल. रात्री घरी येता येतं, रस्ते समजतात, रिव्हर्सला हात बसतो. पैसे कमी, पण पहिलं वर्ष इथे काढलेलं चांगलं असं माझं स्पष्ट मत आहे.

भिवंडीची गोडाऊनं, माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर हा सगळा पट्टा. बंद बॉडीच्या गाड्या, ऑनलाइन शॉपिंगचा माल, वेळेवर पोचायचं प्रेशर असतं. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर आहेत का ते विचारा. एकट्याला पाठवून दोन ड्रायव्हरची वेळ मागत असतील तर ती गाडी घेऊ नका.

वाशीचं एपीएमसी मार्केट, भाजी-फळांच्या गाड्या रात्रीच्या. नाशिक, पुणे, सातारा, नगर इकडून पहाटेपर्यंत माल टेकवायचा असतो. झोपेचं सगळं गणित उलटं होतं. शिवाय इथे वाराईचा, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या पैशांचा विषय आहे, तो पुढे सांगतो.

कळंबोलीचं लोखंड मार्केट. पैसा बरा, पण कॉईल (पत्र्याचे जड गुंडाळे) आणि सळया म्हणजे नवख्याचं काम नाही. साखळी नीट आवळलेली नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर कॉईल सरळ केबिनकडे येते.

टँकर, तळोजा, पाताळगंगा, रसायनी. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन लायसन्सवर तशी नोंद लागते आणि गाडीत ट्रेम कार्ड असावं लागतं, म्हणजे गळती झाली तर काय करायचं त्याचा कागद. नोंद नसताना "एकच ट्रिप मार" असं म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

डंपर आणि आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर, बांधकामावर. लोकल आहे पण फेऱ्यांची घाई फार.

आणि जेएनपीटीचे, म्हणजे न्हावा शेवा पोर्टचे ट्रेलर. सगळ्यांना तिकडेच जायचं असतं, त्याबद्दल पाचव्या पायरीत.

४. पगार ठरवताना, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पगार तीन प्रकारे देतात. महिन्याचा फिक्स, फिक्स अधिक रोजचा भत्ता (खुराकी), किंवा फेरीवर. काहीजण भाड्यातला टक्का देतात पण नवीन माणसाला तो शक्यतो देत नाहीत, आणि दिला तरी भाडं खरं किती हे तुम्हाला कधीच कळत नाही.

आकडे मांडून बघू, हे फक्त समजायला धरलेले आहेत. समजा एक मालक म्हणतो २५,००० फिक्स, बाकी काही नाही. दुसरा म्हणतो १७,००० आणि दिवसाला ३०० खुराकी. २६ दिवसांचे ७,८०० झाले, म्हणजे २४,८००. तिसरा म्हणतो फेरीला १,२००, महिन्याला २५ फेऱ्या आरामात होतात, म्हणजे ३०,०००. तुम्ही तिसऱ्याकडे जाणार, साहजिक आहे.

आता पहिल्याकडे बाहेर जेवायचं तुमच्या पैशाने. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, आंघोळीचे, कधी पार्किंगचे, तेच दिवसाला तीनशे धरा, हातात उरले १७,२००. दुसऱ्याकडे खुराकी खाऊन १७,००० शिल्लक, म्हणजे दोघं जवळपास सारखेच, पण दुसरा जर "गाडी चालली त्याच दिवसाची खुराकी" असं धरत असेल आणि महिन्यात सहा दिवस गाडी लाईनीत किंवा गॅरेजला उभी राहिली तर १,८०० गेले, कारण पोट तर त्या दिवशीही भरावं लागतं. तिसऱ्याकडे २५ फेऱ्या होतातच असं नाही, ट्रॅफिक, पोर्टची लाईन, पाऊस, गाडीचं काम, यातून १७ झाल्या तर २०,४०० आणि त्यातून जेवण तुमचंच. तीस हजाराची गाडी खाऊन-पिऊन साडेबारा हजारावर आली.

म्हणून चावी घ्यायच्या आधी हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर मालकाला किंवा मुनीमला लिहून पाठवा, "शेठ, आपलं असं असं ठरलं, बरोबर ना?" त्यावर नुसतं "हो" आलं तरी उद्या भांडणाच्या वेळी तो तुमचा कागद आहे.

- खुराकी किती, उभ्या दिवसाची मिळणार का, गॅरेजच्या दिवसाची मिळणार का
- महिन्याला सुट्ट्या किती, सुट्टीचा पगार कापणार का, दिवाळी-गणपतीला गावी सोडणार का
- उचल दिली तर ती कशी कापणार, एकदम की हप्त्याने
- टोल, पार्किंग, पंक्चर, वजनकाटा, हमाली, हे पैसे आधी देणार की मी खिशातून घालून नंतर मागायचे
- डिझेलचं अॅव्हरेज (लिटरला किती किलोमीटर) किती धरलंय
- चलन आलं तर कोणाचं
- हिशोब कोणत्या तारखेला, पैसे बँकेत की रोख

डिझेलचं जरा नीट समजून घ्या. मालक अॅव्हरेज धरतो, त्याच्यापेक्षा जास्त जळलं तर तुमच्यातून कापतो. समजा न्हावा शेवा ते चाकण जाऊन-येऊन २४० किलोमीटर धरले आणि मालकाने ४ चं अॅव्हरेज लावलं, म्हणजे ६० लिटर. तुमचं पडलं ३.७५, म्हणजे ६४ लिटर. ४ लिटर, नव्वदच्या भावाने ३६० रुपये एका फेरीत. आता घाट चढताना भरलेली गाडी आणि लाईनीत तासनतास चालू-बंद करणारी गाडी ४ देईल का? भरलेलीचं वेगळं, रिकामीचं वेगळं, घाटाचं वेगळं असं अॅव्हरेज ठरवून घ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना जुन्या ड्रायव्हरचा त्याच गाडीवर काय हिशोब होता ते विचारा, गाडी तीच असते, आकडा लपत नाही. टाकी फुल ते फुल मोजा, किलोमीटरचा फोटो काढा, पंपाच्या पावत्या जपून ठेवा. बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी असेल तर अॅडब्लूचं पाणी, जे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात, ते कोण भरणार तेही बोलून घ्या.

आणि डिझेल विकणे हा प्रकार कोणी शिकवला तर त्याच्यापासून लांब राहा. त्यात पोलीस केस होते, आणि ड्रायव्हर लोकांत नाव खराब झालं की कळंबोलीपासून भिवंडीपर्यंत कोणी उभं करत नाही.

चलनाचं साधं सूत्र ठेवा. वेग, सिग्नल, लेन, सीटबेल्ट, मोबाईल ही चूक ड्रायव्हरची, ते तुमचं. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, नंबरप्लेट, ओव्हरलोड हे मालकाचं. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, कारण ई-चलन गाडीच्या नंबरवर पडतं आणि तीन महिन्यांनी सगळी एकदम तुमच्या पगारातून कापायला निघतात, त्यातली निम्मी दुसऱ्या ड्रायव्हरची असतात. म्हणून कुठल्या तारखेला गाडी हातात घेतली आणि कधी सोडली ह्याचा मेसेज नेहमी टाकून ठेवा.

५. पोर्टचं काम, पैसा आणि वाट बघणं

न्हावा शेवाला ट्रेलर चालवणं म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा थांबणं जास्त. करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा, पळस्पे, ह्या नावांची सवय करून घ्या, तुमचे बरेच तास तिथेच जाणार आहेत. कधी गेट हळू चालतं, कधी सीएफएसमध्ये (पोर्टबाहेरचं कंटेनरचं गोडाऊन) क्रेन नसते, कधी कागद अडकतो, आणि फेरीवर असाल तर हा सगळा वेळ फुकट. त्यामुळे पोर्टच्या गाडीवर एकच गोष्ट भांडून घ्यायची असेल तर ती हॉल्टिंग, म्हणजे इतक्या तासांच्या वर थांबलो तर दिवसाचे इतके. ट्रान्सपोर्टवाला पार्टीकडून (ज्याचा माल त्याच्याकडून) बऱ्याचदा हॉल्टिंग घेतो, ड्रायव्हरपर्यंत ते येत नाही.

कामाची पद्धत थोडक्यात अशी. एक्स्पोर्टचा कंटेनर आत न्यायचा तर फॉर्म १३ (पोर्टात आत जायचा कागद) लागतो, तो तयार नसताना गेटकडे निघू नका, पार्किंगमध्ये थांबा. इम्पोर्टचा घेताना कंटेनर नंबर (चार अक्षरं, सात आकडे) कागदाशी जुळवा, सीलचा नंबर जुळवा, दोन्हीचे फोटो काढा. कंटेनरला आधीपासून पोचा, भोक, फाटका दरवाजा असेल तर ईआयआरवर (कंटेनर घेता-देताना त्याची हालत लिहायची पावती) लिहून घ्या, नाहीतर रिकामा यार्डला परत देताना ते डॅमेज तुमच्या नावावर येतं आणि हा भुर्दंड छोटा नसतो. चारही ट्विस्ट लॉक (कंटेनरला ट्रेलरवर धरून ठेवणारे कोपऱ्यांचे लॉक) स्वतः हाताने बघायचे, क्लीनरने "लावले" म्हटलं तरी. अर्धवट लॉक असलेला कंटेनर वळणावर गाडीला घेऊन आडवा होतो.

केबिनमध्ये स्टोव्ह, पाण्याचा कॅन, डाळ-तांदूळ ठेवणारे ड्रायव्हर पोर्टला महिन्याकाठी चांगले पैसे वाचवतात. फक्त पोर्टच्या आत, सीएफएसमध्ये आणि केमिकलच्या गाडीत चूल पेटवायची नाही.

६. निघण्याआधी, गाडी आणि कागद

गाडी सुरू करून आधी एअर प्रेशर भरू द्या, मग ब्रेक दाबून बघा. टायर हातोडीने वाजवून बघा, दुहेरी टायरमध्ये दगड अडकलाय का बघा, नट, पाटे, लाईट, इंडिकेटर, मागचे रिफ्लेक्टर. गाडीत स्टेपनी, जॅक, पाना, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, दोरी, ताडपत्री, त्रिकोणी रिफ्लेक्टर, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर आहे का, नसेल तर मालकाला मेसेज.

कागदांमध्ये आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, आणि मालाची बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), बिल, ई-वे बिल (माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल). ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी चालते. गाडी बिघडली आणि मुदत संपायला आली तर संपायच्या आधीचे आठ तास ते नंतरचे आठ तास यात वाढवून मिळते, त्यामुळे गाडी बंद पडल्याबरोबर ट्रान्सपोर्टवाल्याला फोन. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवीन गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये टाकल्याशिवाय हलायचं नाही. बिल्टीवर जे नग लिहिलेत ते मोजून घ्या, मोजू देत नसतील तर बिल्टीवर "मोजले नाहीत" असं लिहा.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघतानाच विचारा. हायवेवर फास्टॅग चालला नाही तर टोल जास्त जातो (नोव्हेंबर २०२५ च्या नियमात रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट), आणि तो कोणाचा यावरून परत हिशोबात वाद.

माल खाली केल्यावर पोच (माल मिळाल्याची पावती) सही-शिक्क्याची घ्या आणि लगेच फोटो पाठवा. पोच हरवली की मालकाचं भाडं अडकतं आणि मालकाचं अडकलं की तुमचं अडकतं.

वाराईचं सांगतो म्हटलं होतं. माल चढवायचे-उतरवायचे पैसे ड्रायव्हरकडून मागायची पद्धत मार्केटमध्ये आणि काही गोडाऊनला आहे. वाहतूकदारांचं म्हणणं पूर्वीपासून एकच आहे, "ज्याचा माल त्याचा हमाल", आणि ते योग्य आहे. पण नाक्यावर उभं राहून हमालांशी वाद घालणं हे ड्रायव्हरचं काम नाही, तेही कष्टकरीच आहेत. हमाली कोण देणार हे भाडं ठरतानाच मालकाने पार्टीशी बोलायचं. तुम्ही निघताना विचारून घ्या आणि तुमच्याकडून द्यावी लागली तर चिठ्ठी घ्या किंवा निदान यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते.

७. ओव्हरलोड

भरून झाल्यावर काट्यावर वजन करा आणि आरसीवरच्या वजनाशी जुळवा. ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असं कायद्यात आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. "मी बघून घेतो" म्हणणारा मालक रात्री दोन वाजता फोन उचलत नाही. दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ओव्हरलोड गाडी घाटात थांबत नाही.

८. घाट

बोरघाट असो की कसारा, उतरताना न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचतं असं सांगणारे जुने लोक भेटतील, ऐकू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर, सारखा ब्रेक दाबून ड्रम तापतात, हवेचं प्रेशर उतरतं आणि मग पाय टेकवला तरी गाडी ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर वेग रोखणारा) वापरा, उतार लागायच्या आधी गिअर टाका, मध्यात नाही.

पुणे एक्स्प्रेसवेवर जड गाडीने डावी लेन सोडायची नाही. सपाटीवर ८० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि २०२४ पासून कॅमेरे बसलेत, लेनचंही चलन येतं. पावसाळ्यात घोडबंदरला गायमुखच्या चढावर आणि मुंब्रा बायपासला अंतर ठेवून चाला, पुढची गाडी मागे येते.

शहरात जड गाड्यांच्या बंदीच्या वेळा ठाणे, नवी मुंबई, मुंबई तिन्हीकडे वेगवेगळ्या आहेत आणि त्या बदलतात, गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर जड वाहतूक बंद ठेवतात. निघायच्या आधी वाहतूक पोलिसांचं त्या दिवसाचं पत्रक बघायची सवय लावा.

९. झोप आणि शरीर

कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही बघालच, पण हा आकडा डोक्यात ठेवा म्हणजे सलग सोळा तास चालवायला सांगतात तेव्हा आपण काहीतरी जास्तीचं मागत नाही, आपल्याकडून जास्तीचं घेतलं जातंय हे कळतं. पाच तास झाले की अर्धा तास खाली उतरायचंच. पहाटे तीन ते पाच डोळा सर्वात जास्त लागतो. डुलकी आली की खिडकी उघडून, गाणी लावून, तंबाखू मळून ती जात नाही, गाडी ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर घ्या आणि अर्धा तास झोपा. हायवेच्या कडेला, शोल्डरवर झोपू नका, मागून येणारा तुम्हाला चालती गाडी समजतो. मालक ओरडला तर ओरडू दे. जागं राहायच्या गोळ्या देणारे भेटतात, त्या घेऊन घर उद्ध्वस्त झालेली माणसं मी ओळखतो, प्लीज घेऊ नका.

दारू पिऊन सापडलात तर पहिल्यांदा १०,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सही सस्पेंड होतं, म्हणजे पोटच बंद.

२०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय. गाडी नवीन असेल आणि मालक एसी लावू नको, डिझेल जातं म्हणत असेल तर अॅव्हरेज ठरवतानाच एसीचं धरून घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचं लक्ष राहत नाही.

वर्षातून एकदा डोळे आणि शुगर तपासा. लघवी दाबून ठेवू नका, पाणी कमी पिऊ नका, मुतखडा हा आपल्या धंद्यातला नेहमीचा आजार आहे.

१०. अपघात झाला तर

पळून जायचं नाही. जखमीला दवाखान्यात न्यायची आणि पोलिसांना कळवायची जबाबदारी कायद्याने ड्रायव्हरवर आहे. ११२ पोलीस, १०८ अॅम्ब्युलन्स, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवून सरळ जवळच्या पोलीस चौकीत जा, तिथून मालकाला आणि घरी फोन करा, २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद झालीच पाहिजे. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना २०२५ पासून आहे, दवाखाना डिपॉझिट मागत असेल तर हे सांगा. अपघात करून पळाल्यास असलेल्या ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या ते कलम सरकारने अजून लागू केलेलं नाही, पण निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच.

रस्त्यात पॅसेंजर घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांसाठी बसवलेल्या माणसाला काही झालं तर मालवाहू गाडीच्या विम्यातून त्याचे पैसे मिळवायला कोर्टात वर्षं जातात, आणि केस तुमच्यावर.

११. पीएफ, विमा

गाडीच्या इन्शुरन्सच्या कागदावर "पेड ड्रायव्हर"चं कव्हर आहे का ते वाचा, नसेल तर मालकाला ते टाकायला लावा, त्याचा प्रीमियम अगदी थोडा असतो. २० किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागतो, १० किंवा जास्त आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, त्यात तुमचा पाऊण टक्का जातो आणि घरच्यांचाही दवाखाना होतो. "पीएफ कापत नाही, तेवढे हातात जास्त देतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण पीएफ घ्या.

दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे हे काहीच नसतं. मग स्वतः बँकेत जाऊन २० रुपयांचा वर्षाचा सुरक्षा विमा (अपघाती मृत्यूला दोन लाख) आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती (वय ५० पर्यंत घेता येतो) दोन्ही चालू करा, ई-श्रम कार्ड काढा. वारस म्हणून कोणाचं नाव टाकलंय ते घरी सांगून ठेवा.

१२. हिशोब आणि नोकरी सोडणे

एक वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, डिझेल, मिळालेली खुराकी, खिशातून घातलेले पैसे, घेतलेली उचल. दर आठवड्याला त्या पानाचा फोटो मुनीमला पाठवा, महिन्याच्या शेवटी एकदम सांगितलं की अर्ध्या खर्चाला "मला कुठे विचारलं होतं" असं उत्तर येतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वेतन कायद्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे, कापाकापी एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर नेता येत नाही आणि नोकरी सोडली किंवा काढलं तर कामाच्या दोन दिवसांत सगळे पैसे द्यायचे आहेत. मालकाकडे दोन महिन्यांचा पगार तुंबला की तिसऱ्या महिन्यात गाडी चालवू नका, जितके जास्त अडकतील तितकं सोडणं अवघड होत जातं. आधी लेखी मेसेज, मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज, वही आणि व्हॉट्सअॅपची प्रिंट तिथेच कामाला येते.

सोडताना गाडी रस्त्यात टाकून जाऊ नका, मालक कितीही वाईट असला तरी. गाडी त्याच्या यार्डात लावा, किलोमीटर, डिझेलचा काटा, चारी बाजू, स्टेपनी, जॅक, ताडपत्री यांचा व्हिडिओ काढा, चावी आणि कागद दिल्याचा मेसेज टाका, उचल बाकी असेल तर आकडा दोघांनी मान्य करून लिहून घ्या. आणि अनुभवाचं पत्र मागा, लेटरहेडवर दोन ओळी पुरतात, कुठली गाडी आणि कधीपासून कधीपर्यंत. पुढच्या कंपनीत मोठी गाडी मागताना तेच दाखवावं लागतं.